केन फोर्कला तीन वजा

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय डॅडी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मी ठणठणीत आहे. नोकरी आहे, गाडी सुरू होते, मांजर नेहमीसारखं माझ्याशी फटकून वागतं. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझी चार वाक्यं झाली की तुम्ही म्हणता, "बरं बाळ, ठेवतो, कोंबड्या ओरडायला लागल्या." डॅडी, तुमच्याकडे कोंबड्या नाहीत. ममा गेली त्या वर्षी तुम्ही त्या शेजारी मिस इमोजीनला देऊन टाकल्या. तेव्हा आज कोंबड्यांना मध्ये येऊ द्यायचं नाही असं ठरवून बसले आहे. उद्या सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या हे तातडीच्या टपालानं टाकीन, म्हणजे बुधवारी दुपारपर्यंत तुमच्या हातात पडेल. बुधवार चुकून चालणार नाही.

कारण मला गुरुवारची भीती वाटते. चार दिवस मी या गुरुवारसोबत उठते-बसते आहे. शुक्रवारी तो नकाशावर पहिल्यांदा दिसला तेव्हा अलास्काच्या खाली, समुद्रावर, थंड हवेचा एक खळगा होता, इतकंच. असे खळगे हिवाळ्यात आठवड्याला दोन येतात आणि निम्मे वाटेतच विरतात. हा विरला नाही. शनिवारी खोल झाला, रविवारी आणखी खोल. आज सकाळी हवामान कार्यालयात कामावर आले तर संगणकांची सगळी भाकितं, जी एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, एकच गोष्ट सांगत होती: गुरुवारी दुपारी मिसिसिपी ओलांडून अलाबामात, आपल्या केन फोर्कच्या बाजूला. आमच्यातला सगळ्यात जुना माणूस बर्ट लिंडग्रेन, मिनेसोटाचा, ज्याला अकरा वर्षांत मी कधी घाबरलेला बघितला नाही, तो कॉफीचा रिकामा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. पडद्याकडे बघत म्हणाला, "ट्विला, तुझे डॅडी अजून त्या ट्रेलरमध्येच राहतात का गं?" मी हो म्हटलं. तो कप न भरताच परत गेला.

बारा फूट बाय साठ फुटांचा पत्र्याचा डबा, जमिनीला चार पट्ट्यांनी बांधलेला. त्या पट्ट्या तुम्ही स्वतः आवळल्यात हे मला माहीत आहे, आणि तुम्ही आवळलेली गोष्ट सहसा सुटत नाही हेही. पण गुरुवारसारख्या दिवसाला पट्ट्या कुणी आवळल्या याच्याशी काही देणंघेणं नसतं.

वसंतातल्या वादळांना मी इतकी भीत नाही. एप्रिलमध्ये दमट हवा मुबलक असते, वादळ दहा मैलांवरून दिसतं, इकडच्या सपाट मुलखात तर लोक अंगणात खुर्च्या टाकून बघत बसतात. हिवाळ्यातलं वादळ वेगळं. वर वारा एवढा असतो की ढग ताशी साठ मैलांनी पळतात, आणि खाली दमट हवेची टंचाई. सगळं भाकीत त्या ओलाव्यावर लटकलेलं असतं. समुद्रावरून तो किती आत आला, किती टिकला. हवेतला ओलावा आम्ही दवबिंदूच्या आकड्यात मोजतो, आणि थंडीच्या दिवसांत साठ अंश फॅरनहाइट हा आमचा उंबरठा आहे. साठच्या वर गेलं तर घात, सत्तावन्न-अठ्ठावन्न असेल तर नुसता पाऊस. दोन-तीन अंशांत माणसं मरतात नाहीतर छत्री घेऊन बाजाराला जातात. आणि तुमच्याकडे पाइनचं रान, डोक्याला लागतील इतके खाली आलेले ढग, पावसाच्या पडद्यात लपलेलं चक्रीवादळ. तुमचं ते "येताना दिसेलच की, तेव्हा बघू" हिवाळ्यात चालत नाही, डॅडी. येताना ते दिसत नाही. आलं की ऐकू येतं.

हे मी तुम्हाला शिकवायला नको. मला तुम्हीच शिकवलंत. मी सात वर्षांची होते तेव्हा गुरांचं खाद्य विकणाऱ्या फीड स्टोअरच्या मागे टाकून दिलेल्या फळ्यांची तुम्ही ती पांढरी पेटी ठोकलीत. चारी बाजूंनी झडपा, आत दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि एकाच्या बुडाला ओली चिंधी. चिंधीचा थर्मामीटर कोरड्यापेक्षा किती खाली राहतो त्यावरून हवेतला ओलावा कळतो, हे मला पटेना, तेव्हा तुम्ही माझं बोट मला तोंडात घालायला लावलंत आणि मग त्यावर फुंकर मारलीत. "गार लागलं? मग हवा कोरडी आहे. ऑगस्टात फुंकर मारली तर इतकं गार लागायचं नाही." पुढे कॉलेजात मी यावर एक जाड पुस्तक वाचलं. त्यात याहून जास्त काही नव्हतं.

पेटी कुठे ठेवायची यावरून तुमचं आणि ममाचं वाजलं होतं तेही आठवतं. तुम्हाला ती कुरणाच्या मधोमध हवी होती. ममा म्हणाली, "रेफर्ड, तिथं ती मधमाश्यांची पेटी दिसते. चर्चच्या बायका मध मागायला येतील, त्यांना मी काय देऊ, दवबिंदू?" शेवटी पेटी गेली धुण्याच्या खोलीमागे, बरोबर जिथं कपडे वाळवायच्या यंत्राचं नळकांडं भिंतीतून बाहेर येतं तिथं. ममा साडेसहाला कपडे लावायची. सातच्या ठोक्याला, हवामान खात्याला रोज पाठवायचा आकडा टिपायला, तुम्ही वही घेऊन बाहेर यायचात आणि नळकांड्यातली कोमट वाफ पेटीवर फुरफुरत असायची. तुमच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. ममा गेल्यावरही तुम्ही साडेसहालाच कपडे लावत राहिलात.

आता तुम्हाला कधी न सांगितलेली एक गोष्ट. मी नोकरीला लागले त्या पहिल्या हिवाळ्यात मी तुमचे आकडे आजूबाजूच्या विमानतळांच्या आकड्यांशी लावून बघितले. तुमचा दवबिंदू रोज तीन अंश चढा. एका दुपारी डबे खाताना मी ही पेटीची आणि नळकांड्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली, ममाच्या मधासकट. बर्ट हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं एका कार्डावर जाड पेनानं लिहिलं, "केन फोर्कला तीन वजा", आणि ते भिंतीवर चिकटवलं. अकरा वर्षं ते कार्ड तिथं होतं. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला दोन गोष्टी कळायच्या, कॉफी कुठे मिळते आणि केन फोर्कमधून तीन वजा करायचे. आम्ही कॅनडाच्या हद्दीपासून खालच्या समुद्रापर्यंत अख्ख्या देशाचा नकाशा रंगवतो, डॅडी, पण टॉमबिग्बी नदीपासून टस्कलूसापर्यंतच्या पट्ट्यात सकाळी सातला माणसाच्या डोळ्यांनी वाचलेला आकडा एकच, तुमचा. त्याशिवाय आमचं पान हलत नव्हतं, आणि त्याच्यावर आम्ही हसतही होतो. मी तुमची चेष्टा तुमच्या पाठीमागे अकरा वर्षं चालू दिली. पण पत्र लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. हे त्यातलं सगळ्यात हलकं आहे.

ऑक्टोबरातला एक रविवार आठवा. तुमचा फोन आला, मी घरी होते, पण समोर मॅच लावली होती. तुम्ही म्हणालात, "पेटी हलवली गं. तीस पावलं मोजून, कुरणाच्या मधोमध. तुझी ममा वरून शिव्या देत असेल. पण आता नळकांड्याची वाफ लागत नाही." मी म्हटलं, "बरं बरं, छान केलंत." आणि मॅच बघत राहिले. दोन मिनिटांनी तुमच्या कोंबड्या ओरडल्या आणि फोन संपला. इतकीच गोष्ट. मी ती सोमवारी कामावर कुणाला सांगितली नाही. विसरले. खरंच विसरले, हे तुम्ही माना किंवा नका मानू.

तेरा डिसेंबरच्या शनिवारी सकाळी सहाला बर्टनं मला त्या दिवसाचा धोक्याचा नकाशा सोपवला. नारिंगी रंगाची वरची कड त्यानं केन फोर्कच्या पंचवीस मैल खाली ठेवली होती. नारिंगी म्हणजे लोक तळघरं उघडतात, शेजारच्यांना हाका मारतात. त्याच्या वरचा पिवळा म्हणजे लोक मान वर करून आभाळ बघतात आणि कामाला लागतात. बर्ट जाताना म्हणाला, "ओलावा वर सरकला तर कड वर ने. केन फोर्क बघ." सातला तुमचा आकडा आला. एकसष्ट. मी मनातल्या मनात तीन वजा केले. अठ्ठावन्न. शेरा या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, "खिडकीच्या काचांना बाहेरून घाम. चर्चच्या पायऱ्या ओल्या." गार काचेला बाहेरून घाम येतो तो हवेत ओलावा दाटल्यावरच, हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो? मला लागला. मी तुमचा शेरा वाचून हसले. वाटलं, डॅडी लेखक व्हायला हवे होते.

आणखी एक कारण होतं, तेही लिहून टाकते. नोव्हेंबरात दोनदा आम्ही तुमच्या भागावर नारिंगी ओढला होता आणि दोन्ही वेळा नुसता पाऊस पडून गेला. टीव्हीवरची माणसं आम्हाला हसली. लांडगा आला रे आला असं तिसऱ्यांदा ओरडायची मला लाज वाटली. कड तिथंच ठेवली, पंचवीस मैल खाली, आणि आठचा नकाशा पाठवून दिला. साडेदहाला आणखी एक संधी होती. तेव्हाही अठ्ठावन्नच धरले.

पुढचं मला तुम्हीच सांगितलंत, दफनाच्या दिवशी, चर्चच्या मागच्या बाकावर, माझ्याकडे न बघता. मिस इमोजीन साडेआठला तुमच्या पायऱ्यांशी आली. एक्याऐंशी वर्षांची बाई, लांब कुठे गडगडलं तरी विणकामाची पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी चर्चच्या तळघरात जाऊन बसणारी. गाव तिला चिडवायचं, "इमोजीन तळघरात गेली, छत्र्या काढा रे." तिनं विचारलं, "रेफर्ड, काचा घामेजल्यात. तुझी पोरगी काय म्हणते?" तुम्ही फोन काढून माझा नकाशा बघितलात आणि म्हणालात, "पोरगी म्हणते आपण रेषेच्या बाहेर. घरी जा आणि डंपलिंग कर, रात्री जेवायला येतो." ती घरी गेली. तुम्ही दुपारी फीड स्टोअरला गेलात. दोन वाजून चौदा मिनिटांनी भोंगा वाजला आणि दोन वीसला ते आलं. तिला काठी टेकत चर्चपर्यंत जायला पाव तास लागायचा. तुमच्या ट्रेलरचा पुढचा ओटा गेला, तिच्या ट्रेलरच्या जागी सिमेंटच्या तीन पायऱ्या राहिल्या.

त्या दिवशी बाकावर तुम्ही रडला नाहीत. मी रडले. तुम्ही मला रुमाल दिलात आणि म्हणालात, "तू काय करणार, बाळ. तू देव थोडीच आहेस." मी तो रुमाल अजून परत केलेला नाही.

जानेवारीत आमच्याकडे चौकशी बसली. बैल गेला नि झोपा केला, तरी झोपा करावाच लागतो. टेबलाभोवती पाच माणसं, समोर त्या सकाळचे सगळे नकाशे. एकीनं बोट ठेवून विचारलं, "इथं एकसष्ट आलेलं दिसतंय. ते का धरलं नाही?" मी म्हटलं, "केन फोर्कचा काटा तीन अंश चढा आहे. सगळ्यांना माहीत आहे." डॅडी, 'चढा' हा शब्द तोंडात असताना मला ऑक्टोबरातला तो रविवार आठवला. पेटी, तीस पावलं, ममाच्या शिव्या, सगळं. वाक्य अर्ध्यात होतं. थांबता आलं असतं. मी ते पूर्ण केलं.

त्याच संध्याकाळी कार्यालयात एकटी बसून मी ऑक्टोबरपासूनचे तुमचे आकडे काढले. पेटी हलवल्याच्या दिवसापासून एकही चढा नव्हता. विमानतळांशी अर्ध्या अंशात जुळत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्यापाशी उपग्रह होते, रडार होती, आणि खरा आकडा माझ्या बापानं वहीत लिहून पाठवलेला होता. तो मी खोडला. तुमचा काटा बरोबर होता, डॅडी. एकसष्ट म्हणजे एकसष्टच होतं. हे वाक्य दोनदा वाचा.

मी कुणाला काही बोलले नाही. अहवालात छापून आलं, "केन फोर्क: उपकरण भरवशाचं नाही." त्याची प्रत नियमाप्रमाणे तुम्हाला गेली. आणि मग तुमचा फोन आला. तुमचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "बाळ, माझ्या काट्यानं तुला फसवलं ना?" मी काय म्हणाले तुम्हाला आठवत असेल. मला रोज आठवतं. मी म्हणाले, "जाऊ द्या डॅडी. कुणाच्याही हातून होतं." चूक माझी होती आणि मी तुम्हाला माफ केलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि कोंबड्यांचं नावही न काढता फोन ठेवलात. दुसऱ्या दिवशीपासून सातचा आकडा यायचा बंद झाला. तुम्ही पेटी उखडून गोठ्यात टाकलीत हे मला नंतर कळलं.

का केलं, याला काही थोर कारण नाही. भ्याले. नोकरी जाईल म्हणून थोडी भ्याले, पण त्याहून जास्त त्या टेबलाभोवतीच्या पाच माणसांच्या तोंडाकडे बघायला भ्याले. काचेवरचा घाम वाचायला सातव्या वर्षी शिकले असं ज्या मुलीनं सगळीकडे सांगत मिरवलं, तिनं तो वाचला नाही हे कबूल करायला भ्याले. तुम्ही चारशे मैलांवर होतात, तुम्ही कधी कुणाशी भांडत नाही, तुमच्या नावावर खपवणं सोपं होतं.

आज दुपारी मी बर्टला सगळं सांगितलं. तो भिंतीपाशी गेला, कार्ड काढलं, पण टाकेना. हातात घेऊन उभा राहिला. "अकरा वर्षं मीही वजाच करत होतो की," म्हणाला. मग आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. चौकशी परत उघडेल, अहवाल बदलेल, माझं काय करायचं ते नंतर ठरेल. या आठवड्यात मात्र माणसं कमी आहेत, त्यामुळे गुरुवारचा सकाळचा नकाशा माझ्याकडेच आहे. बर्टची रजा होती, ती त्यानं रद्द केली. म्हणाला, "तुझ्या शेजारी बसेन. तू वजाबाकी केलीस तर हात धरीन." गोठ्यातली पेटी परत उभी करायची की नाही ते तुम्ही ठरवा. केलीत आणि सातला आकडा आला, तर तो आला तसा धरीन. नाही आला तरी मी तुम्हाला आकड्यासाठी काही विचारणार नाही. तो हक्क मी घालवला.

हे सगळं मी उन्हाळ्यात घरी येऊन, तुमच्यासमोर बसून, तोंडानं सांगणार होते. निदान स्वतःला तसं बजावत होते. पण काल तुमच्या चर्चचे पाद्री ब्रदर हॅस्केल यांचा फोन आला, रविवारची प्रार्थना आटोपल्या आटोपल्या. त्यांच्याकडून मला कळलं की जानेवारीत एका रविवारी तुम्ही भर चर्चमध्ये उठून उभे राहिलात आणि मिस इमोजीनच्या बहिणीची, मिस ओलीनची, हात जोडून माफी मागितलीत. "काटा माझा होता," म्हणालात. त्यानंतर तुम्ही चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही. आणि तेव्हापासून दोनदा भोंगा वाजला, दोन्ही वेळा तुम्ही तळघरात आला नाहीत. ब्रदर स्वतः पावसात येऊन दार वाजवत होते, तेव्हा तुम्ही दार न उघडता म्हणालात, "त्या तळघरात ओलीन बसते. तिच्यासमोर मी माझा जीव वाचवत बसू?" डॅडी, म्हणून हे पत्र, आणि म्हणून बुधवार. याची दुसरी प्रत मी ब्रदर हॅस्केलना पाठवते आहे. बुधवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला ते हे मिस ओलीनसमोर आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवतील, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. मिस ओलीनला जे म्हणायचं ते ती मला म्हणू दे, मी येऊन तिच्या दारात उभी राहीन. तुमचा कुणाशी काही हिशेब उरलेला नाही. तेव्हा गुरुवारी बाराच्या आत तळघरात जा. भोंग्याची वाट बघू नका, आभाळाकडे बघू नका, माझा नकाशा कुठल्या रंगाचा आहे तेही बघू नका. माझ्यावर रागवायचं असेल तर हवं तितकं रागवा, जन्मभर रागवा, पण गुरुवारी तिथं खाली बसून रागवा.

गुरुवार संपेपर्यंत जीव मुठीत धरून बसलेली,
तुमचीच
ट्विला